क्रॅनवेलची अरुंद वाट : भारतीय वैमानिकांचे प्रारंभिक प्रशिक्षण (१९३०-१९४५)

भारतीय हवाई दलाच्या इतिहासाचा प्रारंभ ८ ऑक्टोबर १९३२ या स्थापनादिनापासून करण्याचा प्रघात आहे. तथापि या दलाच्या वाढीची गती त्याआधीच, इंग्लंडमधील प्रशिक्षणाच्या व्यवस्थेने ठरवून टाकली होती. अधिकारीपदांच्या भारतीयीकरणाचा विचार करण्यासाठी १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीच्या शिफारशींनंतर लिंकनशायरमधील क्रॅनवेल येथील हवाई महाविद्यालयाची दारे भारतीयांना उघडली. १९३० मध्ये तेथे दाखल झालेल्या पहिल्या तुकडीत अवघे सहा छात्र होते.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. सहापैकी सुब्रतो मुखर्जी, हरीशचंद्र सरकार, भूपेंद्र सिंह, अमरजित सिंह व ऐजाद बक्ष अवान हे पाच जण वैमानिक झाले. शारीरिक मापांत न बसल्याने जे. एन. टंडन यांना भूसेवेतील काम पत्करावे लागले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. त्याच वर्षी भूपेंद्र सिंह व अमरजित सिंह विमान अपघातात मृत्युमुखी पडले. पुढे सरकार यांनाही एका अपघातानंतर सेवेबाहेर जावे लागले. पाचांचे दोघे उरले! एका वैमानिकाची जागा भरावयाची, तर सातासमुद्रापार दोन वर्षे खर्ची घालणे भाग होते. परिणामी स्क्वॉड्रनची दुसरी फ्लाइट १९३६ मध्ये, तर तिसरी १९३८ मध्ये उभी राहिली.

ब्रिटिशांनी भारतीयांना विमानापासून दूर ठेवले, हे सर्वसाधारण विधान येथे पुरेसे ठरत नाही. प्रवेश दिला गेला. परंतु प्रशिक्षणाचे केंद्र दूर व प्रवेशसंख्या अत्यल्प राहिली. हेतू कोणताही असो, भारतीयीकरणाचा वेग रोखण्यास वेगळ्या मनाईची गरज उरली नाही.

दुसऱ्या महायुद्धाने ही कोंडी फोडली. लाहोरजवळील वॉल्टन, बेगमपेठ, जोधपूर व अंबाला येथे प्रशिक्षण सुरू झाले आणि १९४५ पर्यंत स्क्वॉड्रनची संख्या नऊवर गेली. उमेदवार याच देशातील तरुण होते. बदलली होती ती शाळेची जागा आणि राज्यकर्त्यांची निकड. अधिकारपदांची वाट मात्र याहून लांब निघाली. स्वातंत्र्यानंतरही हवाई दलाचे नेतृत्व ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे राहिले. क्रॅनवेलच्या पहिल्या तुकडीतील मुखर्जी १ एप्रिल १९५४ रोजी त्या पदावर आले.