ठेव दुसऱ्याच्या यंत्रात
क्लाउडचा इतिहास बहुधा 2006 पासून सांगितला जातो. त्या वर्षी अ‍ॅमेझॉनने मार्चमध्ये एसथ्री ही साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये ईसीटू ही संगणक भाड्याने देणारी सेवा सुरू केली. मूळ कल्पना मात्र त्याहून पंचेचाळीस वर्षांनी जुनी आहे. टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1961 मध्ये एमआयटीतील भाषणात म्हटले होते. त्याच वर्षी तिथेच फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. तिची सोय सामाईकपणात होती आणि जोखीमही त्यातूनच आली. 1962 मध्ये वाट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून एका संशोधकाने पासवर्डांची सगळी यादीच छापून घेतली. 1966 मध्ये दोघेजण एकाच वेळी दोन फायली संपादित करत असताना त्या फायलींची अदलाबदल झाली आणि प्रणालीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. कुलूप कोणी फोडले नव्हते. चूक किल्ल्या ठेवण्याच्या पद्धतीत होती.

पुढच्या मोठ्या घटनाही याच वळणाच्या आहेत. जून 2011 मध्ये ड्रॉपबॉक्सच्या एका सदोष बदलामुळे सुमारे चार तास कोणतेही खाते कोणत्याही पासवर्डने उघडत होते. 2014 मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या अ‍ॅमेझॉनवरील नियंत्रण-फलकाचा ताबा एका खंडणीखोराने मिळवला. बॅकअपही तिथूनच पुसता येत असल्याने कंपनीला धंदा गुंडाळावा लागला. 2019 मध्ये कॅपिटल वन बँकेने क्लाउडवर ठेवलेली दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली, ती फायरवॉलची मांडणी चुकल्यामुळे आणि त्याला गरजेपेक्षा जास्त अधिकार दिल्यामुळे. 10 मार्च 2021 रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही मूळ माहितीबरोबर नष्ट झाले.

मग आपले आपल्यापाशीच बरे, असे कोणी म्हणेल. मे 2017 मधील वॉनाक्राय या खंडणी-विषाणूच्या हल्ल्याने त्याला उत्तर दिले आहे. ब्रिटनमधील रुग्णालयांचे स्वतःचे संगणक त्यात ठप्प झाले, आणि तेही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती देऊन सुमारे दोन महिने उलटल्यावर. अशी दुरुस्ती वेळेवर बसवणारी माणसे लहान संस्थेला परवडत नाहीत. मोठ्या सेवादाराकडे ती असतात. दुसरा आक्षेप असा की, कॅपिटल वनसारख्या प्रकरणात चूक सेवा घेणाऱ्याची होती, सेवेला दोष का द्यावा? हे अर्धेच खरे आहे. ड्रॉपबॉक्सची चूक सेवादाराचीच होती. शिवाय सुरक्षेची जबाबदारी दोघांत वाटलेली असते, पण सेवा विकली जाते ती निश्चिंतीच्या नावाने. यंत्राची देखभाल दुसऱ्याकडे गेली की अधिकार कोणाला द्यायचे आणि दुसरी प्रत कुठे ठेवायची, हे निर्णयही तिकडेच गेले, असा समज होतो. वरच्या बहुतेक घटनांत नुकसान याच दोन प्रश्नांपाशी झाले आहे. म्हणून क्लाउड घ्यावा की नाही, हा वाद दुय्यम आहे. माहिती सोपवण्यापूर्वी ती पुसण्याचा अधिकार कोणाकडे राहील हे ठरवावे आणि एक प्रत त्या अधिकाराच्या आवाक्याबाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवावी. त्याचा खर्च सेवेच्या भाड्यात धरला, तरच सोयीची खरी किंमत कळते.