नादारीचा अर्ज

माझ्या लहानपणी शाळेत 'नादारी' नावाची एक सोय होती. पंचाहत्तरी गाठलेल्या श्रोत्यांना ती नक्की आठवेल. ज्याच्या बापाला फी परवडत नाही त्यानं जूनमध्ये अर्ज करायचा. मंजूर झाला तर पुरी नादारी, नाही तर अर्धी. अर्जाखाली गावातल्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या लागत. आमच्या अर्जावर एक सही हेडमास्तरांच्या ओळखीच्या वैद्यांची होती आणि दुसरी किराणा दुकानदाराची. या दुकानदाराकडे आमचं पाच महिन्यांचं खातं थकलेलं होतं. 'सदर इसम नादार असून' या मजकुराखाली त्यानं झोकदार सही केली, टाक पुसला आणि वडिलांना म्हणाला, "अण्णा, हे शाळेपुरतं हं. माझ्या वहीला लागू नाही!" दुकानातले लोक हसले. वडीलही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

पुढे जुने कायदे वाचण्याचा नाद लागला तेव्हा कळलं, की त्या दुकानदारानं हसत हसत एका मोठ्या प्रश्नावर बोट ठेवलं होतं. नादार माणसाची नादारी सावकाराच्या वहीला लागू व्हावी की नाही, आणि व्हायची तर त्यासाठी त्यानं कुणाच्या दारात अर्ज घेऊन जायचं?

आपल्या भाषेत या गोष्टीला दोन शब्द आहेत. एक दिवाळं आणि दुसरा नादारी. दिवाळं हे पेढीचं. बुडालेला सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून बसायचा, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. ती व्युत्पत्ती खरी असो वा नसो, चित्र बोलकं आहे. दिवा लावायला आधी दुकान पाहिजे. येणेकऱ्यांनी जमावं, उरलंसुरलं वाटून घ्यावं, एवढं तरी शिल्लक पाहिजे. नादारी हा फारसीतून आलेला शब्द. ज्याच्याकडे काही नाही तो नादार. त्याच्याकडे वाटून घ्यायला काहीच नसतं, आणि कायद्याची खरी अडचण इथंच होती.

इंग्रजांच्या देशातही हाच भेद होता. तिथं १८६१ पर्यंत 'बँकरप्ट' होण्याचा अधिकार फक्त व्यापाऱ्याला होता. बाकीच्यांनी देणं थकवलं की तुरुंग. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ साली लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले ते एका पाववाल्याच्या चाळीस पौंडांपायी. बारा वर्षांचा चार्ल्स तेव्हा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवत होता. १८२८ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांतल्या कर्जदारांसाठी कायदा झाला. शहराबाहेरच्या मुलखाला, म्हणजे तुमच्या-माझ्या आजे-पणज्यांना, त्यातलं काही मिळालं नाही.

त्या मुलखाची दखल घेतली गेली ती वह्या जळाल्यावर. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. बघता बघता पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. लोकांना हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती आले की चौकात होळी व्हायची. माणसं मारण्याकडे फारसा कल नव्हता, असं त्या वेळच्या सरकारी चौकशीतही दिसतं. कागदावर इतका राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोख्याला तीनच वर्षांचं आयुष्य दिलं होतं. हेतू कर्जदाराच्या भल्याचा होता. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा आपला जुना नियम; पण व्याजच मुद्दल झाल्यावर त्याचा काय उपयोग? अंगठा उठवणाऱ्याला वर काय लिहिलंय ते ठाऊक नसायचं. कोर्टात जायला गाडीभाडं नसायचं. दावा एकतर्फी व्हायचा, आणि मग दिवाणी तुरुंगाचा धाक दाखवून आणखी एक रोखा.

दंग्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे त्यात होते. पुढे याच कायद्याच्या अंमलबजावणीवर न्यायमूर्ती रानड्यांची अनेक वर्षं खर्ची पडली. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. त्या पुस्तकात सहसा नसतं ते सांगतो. याच कायद्यात नादारीचं एक स्वतंत्र प्रकरण होतं. पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त देणं असलेल्या शेतकऱ्यानं जवळच्या दुय्यम न्यायाधीशाकडे अर्ज करावा. त्याच्या कुटुंबाच्या पोटापाण्यापुरती जमीन बाजूला ठेवावी, उरलेली कलेक्टरनं सात वर्षांपर्यंत ताब्यात घेऊन खंडानं लावावी आणि उत्पन्न सावकारांना द्यावं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करायची नाही, हेही त्याच कायद्यानं ठरवलं.

पन्नास रुपये हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान कर्ज हेसुद्धा माणसाला बुडवायला पुरेसं असतं, हे सरकारनं इथं कबूल केलं. अर्थात कायदा लिहिणाऱ्याला मृग नक्षत्र ठाऊक नसतं. आज नादार ठरलेल्या शेतकऱ्याला पुढच्या पेरणीला बियाणं कोण देणार? ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, तोच सावकार. आमच्या वडिलांनीही शाळेची नादारी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून पायलीभर ज्वारी आणली होती. उधारच.

यानंतर १९०९ साली मुंबईसारख्या तीन शहरांसाठी आणि १९०७ साली, मग सुधारून १९२० साली, बाकीच्या मुलखासाठी नादारीचे नवे कायदे झाले. ते आखीव आणि विचारपूर्वक केलेले आहेत, पण वाचताना मला दुकानात लावलेला तो दिवा दिसत राहतो. अर्ज करायला देणं किमान पाचशे रुपये हवं. पाचशेहून कमी असेल तर? तर माणूस अटकेत तरी असावा किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम तरी असावा. म्हणजे तीनशे रुपयांपायी ज्याची झोप उडाली आहे त्यानं बेलीफ दारात येईपर्यंत वाट पाहायची! आला की बेलीफ काय नेणार नाही, तेही दिवाणी कायद्यात लिहिलेलं होतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्मरीतीप्रमाणे बाईनं अंगावेगळा करायचा नसतो तो दागिना. अनेक घरांत याहून वेगळं काही नव्हतंच.

पुढची पायरी कर्जातून मोकळीक मिळण्याची. नादाराची मालमत्ता रुपयाला आठ आणेसुद्धा भरत नसेल, तर कोर्ट पुरी मोकळीक नाकारू शकत असे. यात आपला दोष नव्हता हे त्यानं पटवून द्यायचं. पेढीवाल्याला आठ आण्यांचा हिशेब कळतो. रुपयाला आणाही न भरणाऱ्यानं काय पटवून द्यायचं? आजारपण, मुलीचं लग्न, गिरणीतून काढून टाकणं, यातलं कशाला दोष म्हणायचं नि कशाला दैव?

गिरणगावात हेच चालू होतं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकार उभा राहायचा, आणि मजुराच्या हाती पैसे पडले की तिथंच वसुली. १९३१ साली मजूर आयोगाचा अहवाल आला. ना. म. जोशी या आयोगाचे सभासद होते. बहुतेक औद्योगिक गावांत दोन तृतीयांशांहून कमी नाहीत इतकी कुटुंबं कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असं आयोगाला आढळलं. कर्जापायी मजुराला तुरुंगात टाकू नये, कारखान्याच्या दारात वसुलीसाठी घेराव घालणं गुन्हा ठरवावं, अशा शिफारशी त्यात होत्या. १९३६ साली दिवाणी कायदा बदलला. ऐपत असून न देणारा आणि ऐपतच नसणारा, हा फरक अटकेपूर्वी कोर्टानं करायचा असं ठरलं. तरी जुनी सवय जाईना. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांना सर्वोच्च न्यायालयातून पुन्हा सांगावं लागलं, की निव्वळ गरिबीमुळे देणं थकलं म्हणून माणसाला तुरुंगात घालणं घटनेच्या एकविसाव्या कलमात बसत नाही.

मात्र तुरुंग टळणं आणि कर्ज फिटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वही उघडीच राहते.

ती बंद करण्याची वाट दाखवणारा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या नावात योगायोगानं आपले दोन्ही शब्द शेजारी येऊन बसले: नादारी आणि दिवाळखोरी संहिता. वर्तमानपत्रांत तिचं नाव येतं ते मोठमोठ्या कंपन्यांच्या संदर्भात. पण तिच्यात 'नवी सुरुवात' नावाचं एक छोटं प्रकरण आहे. ज्याचं वर्षाचं उत्पन्न साठ हजारांपेक्षा जास्त नाही, ज्याच्याकडे वीस हजारांहून अधिक चीजवस्तू नाही, ज्याचं स्वतःचं घर नाही आणि ज्याचं यात बसणारं देणं पस्तीस हजारांच्या आत आहे, त्यानं अर्ज करावा. एकशे ऐंशी दिवस वसुलीला मनाई राहील. चौकशीत सगळं खरं निघालं तर ते देणं माफ. रुपयाला आठ आण्यांची भाषा नाही. पाचशे रुपयांच्या किमान कर्जाची अट उलटी करून इथं कर्जाला कमाल मर्यादा घातली आहे. १८७९ च्या पन्नास रुपयांनंतर गरिबाला समोर ठेवून लिहिलेलं असं प्रकरण माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे करायचा. ती न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहेत, तेव्हा गाडीभाड्याचा प्रश्न इथंही आलाच.

हे प्रकरण वाचलं तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. त्यांच्या काळच्या रुपयांत ते या सगळ्या अटींत बसले असते. किराणा दुकानदाराला सही करावी लागली नसती, उलट त्याचं खातं यादीत लिहावं लागलं असतं. वडिलांनी ते लिहिलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

संहितेचा व्यक्तींबद्दलचा भाग पहिल्यांदा लागू झाला तो १ डिसेंबर २०१९ रोजी, आणि तोही कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी दिलेल्या लोकांपुरता. सरकारी अधिसूचनेत लागू होणाऱ्या कलमांची यादी आहे. त्यातल्या अठ्ठ्याहत्तराव्या कलमापुढे कंसात मोजके शब्द आहेत, त्यांचा अर्थ असा: नव्या सुरुवातीची प्रक्रिया वगळून.