वजाबाकी करणारा डोळा

आमच्या शाळेच्या मागच्या अंगणातल्या टाकीच्या पितळी तोट्या एका रात्रीत गेल्या. त्या बाजूला तोंड करून एक कॅमेरा लावलेला होता. मुख्याध्यापकांनी सकाळी रेकॉर्डिंग उघडलं. रात्री अकरानंतर त्यात एकदम पहाटे ५ वाजून २० मिनिटांनी शिपाईमामा मागचं दार उघडून आत येताना दिसले. मधे काहीच नाही. ‘कॅमेऱ्यात दुसरं कोणीच नाही’ हे वाक्य मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर फिरलं. त्याचा अर्थ कुणी बोलून दाखवला नाही, तशी गरजही नव्हती. मामा तीस वर्षं शाळेत आहेत. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

दहावीच्या मुलांनी मला विचारलं, “बाई, कॅमेरा खोटं बोलू शकतो का?” त्याचं उत्तर द्यायला मला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागलं.

अमेरिकेत फ्लॅगस्टाफ इथे लॉवेल वेधशाळा आहे. १९३० साली तिथे क्लाइड टॉम्बॉ नावाचा कॅन्सस राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा नोकरीला होता. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतरानं दोन छायाचित्रं घ्यायची आणि त्यांत जागा बदललेला एखादा ठिपका आहे का ते शोधायचं, हे त्याचं काम. प्रत्येक काचेवर हजारो तारे. दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून असा ठिपका सापडणं जवळपास अशक्यच. म्हणून एक यंत्र वापरत. त्याच्या भिंगातून दोन्ही काचा आळीपाळीनं दिसत : ही, ती, पुन्हा ही. स्थिर तारे जागच्या जागी राहत आणि हललेला ठिपका उड्या मारताना दिसे. २३ आणि २९ जानेवारीच्या काचा तपासताना १८ फेब्रुवारी १९३० रोजी टॉम्बॉला असा ठिपका सापडला. तो प्लूटो. (पुढे २००६ साली त्याचं ग्रहपद गेलं, पण त्यात टॉम्बॉचा काही दोष नाही!)

हालचाल म्हणजे काय, याची एक उपयोगी व्याख्या इथे मिळते : दोन चित्रांतला फरक. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, जे उरेल ती हालचाल. टॉम्बॉच्या यंत्रात ही वजाबाकी माणसाचा डोळा करत होता.

त्याच सुमाराला दूरचित्रवाणीवर काम करणाऱ्या एका अमेरिकन अभियंत्याला हीच वजाबाकी वेगळ्या कारणासाठी हवी होती. रे केल हे त्याचं नाव. त्याच्या नावावर १९२९ सालचं एक ब्रिटिश पेटंट आहे. त्याचा मुद्दा साधा होता : दर वेळी अख्खं चित्र कशाला पाठवायचं? आधीच्या चित्रापेक्षा जे वेगळं असेल तेवढंच पाठवावं. कल्पना बिनचूक होती, पण वजाबाकी करायला दोन्ही चित्रं हाताशी हवीत, आणि आधीचं चित्र साठवून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक स्मृती तेव्हा नव्हती. त्यामुळे कल्पना कागदावर राहिली.

आता चाळीस वर्षं पुढे येऊ, एका घराच्या दाराशी. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची परिचारिका राहत असे. तिच्या आणि तिच्या पतीच्या कामाच्या वेळा जुळत नसत, ती पुष्कळदा घरी एकटी असे, आणि बोलावल्यावर पोलीस वेळेवर येतील याचा भरवसा नव्हता. पती अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते. दोघांनी मिळून १९६६ साली पेटंटचा अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रं, त्यांच्या मागे वरखाली सरकणारा कॅमेरा, झोपण्याच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, कडी दुरून काढण्याचं बटण आणि मदत मागण्याचं वेगळं बटण. आजच्या घरगुती कॅमेऱ्यांची वंशावळ सांगताना या पेटंटपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच वाटते.

पण ब्राउनबाईंच्या यंत्रणेत एक गोष्ट गृहीत होती : पडद्याकडे कुणीतरी पाहत असणार. दार वाजलं की पाहायचं, इतपत ते ठीक. रात्रभर पाहायचं असेल तर? ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या निमित्तानं नेमका हाच प्रश्न तपासला होता. टप्प्याटप्प्यानं फिरणारा एक काटा दोन तास पाहायचा, आणि त्यानं मधूनच दुप्पट उडी मारली की कळवायचं. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसं उड्या चुकवू लागतात, असं त्यानं १९४८ साली दाखवलं. हे आळशीपणामुळे घडत नाही. काहीच घडत नसताना लक्ष टिकवणं हे आपल्या मेंदूला मुळातच जड जातं. म्हणून वजाबाकी यंत्रावर सोपवणं भाग होतं.

ही वजाबाकी फळ्यावर करून पाहा. एका भिंतीच्या चित्रातले शेजारशेजारचे चार चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, घ्या. उजेडाचे आकडे समजा ५२, ५२, ५३, ५२. पुढच्या चित्रात तेच बिंदू ५२, ५३, ५२, १९० झाले. फरक ०, १, १, १३८. शेवटच्या जागी नक्कीच काहीतरी आलं. मग मधल्या दोन १ चं काय? भिंत तर हलली नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकात असा बारीक गोंधळ कायम चालू असतो, आणि रात्री अंधुक उजेडात तो पुष्कळ वाढतो. म्हणून ठरवायचं, की १५ पेक्षा कमी फरक हा फरकच नव्हे. हा झाला पहिला उंबरठा. दुसरा उंबरठा संख्येचा : असे किती बिंदू बदलले म्हणजे ‘हालचाल झाली’ म्हणायचं? दोन्ही आकडे कुणीतरी माणूसच ठरवत असतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

गणित सोपं, अडचण झाडाची. वाऱ्यानं फांदी हलली की शेकडो बिंदू बदलतात. सूर्य ढगाआड गेला तर अख्खं चित्र बदलतं. १९९९ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या स्टॉफर आणि ग्रिमसन यांनी यावर एक छान तोड काढली. प्रत्येक बिंदूला एकाऐवजी अनेक ‘सवयी’ असू द्या. हलत्या फांदीमागचा बिंदू कधी हिरवा असतो, कधी आभाळाचा, आणि दोन्ही त्याला नेहमीचंच. तिसराच रंग आला तर दखल घ्यायची. सवयी मात्र हळूहळू बदलू द्यायच्या, कारण सकाळची दुपार होतच असते. याची एक किंमतही आहे. अंगणात कुणी येऊन बराच वेळ निश्चल उभा राहिला, तर कॅमेरा त्याला भिंतीचाच भाग समजू लागतो.

यात हसण्यासारखं काही नाही, निसर्गातही असंच आहे. बेडकाच्या डोळ्यावरचा लेटविन आणि सहकाऱ्यांचा १९५९ सालचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. न हलणाऱ्या खाद्याच्या गराड्यात बेडूक उपाशी मरेल, असं त्यांनी लिहिलं आहे. कारण त्याचा डोळा मेंदूला ‘माशी’ कळवत नाही, लहानशा काळ्या वस्तूची हालचाल कळवतो.

आता केलच्या दुसऱ्या धाग्याकडे वळू. साध्या कॅमेऱ्याच्या एका चित्रात ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० बिंदू. प्रत्येकाला तीन रंगांचे तीन बाइट. सेकंदाला २५ चित्रं. मुलांना दिवसभराचा गुणाकार करायला सांगा. उत्तर सुमारे २ लाख कोटी बाइट, म्हणजे २ टेराबाइट येतं! एका दिवसाचं इतकं चित्रण घरात कुठे ठेवणार? तरीही आपले कॅमेरे महिनामहिना चित्रण साठवतात. ते ज्या युक्त्यांमुळे शक्य झालं, त्यांच्या इतिहासात आपल्या मातीतली माणसं ठळकपणे आहेत.

पहिली युक्ती केलचीच, पण आता स्मृती उपलब्ध होती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चेहरा दाखवणाऱ्या टेलिफोनवर काम चालू होतं. चित्र पाठवायला आवाजाच्या शेकडो पट जागा लागे. तिथल्या फ्रँक माउंट्सनं १९६९ साली अशी यंत्रणा मांडली, की जे बिंदू ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बदलले तेवढेच, त्यांच्या पत्त्यासकट पाठवायचे. फोनवर बोलणाऱ्याचे ओठ आणि डोळे हलतात, मागची भिंत हलत नाही, तर भिंत पुन्हा पाठवायची कशाला? हा टेलिफोन १९७० साली पिट्सबर्ग शहरात सुरू झाला आणि साफ आपटला, पण युक्ती टिकली. नीट पाहिलं तर माउंट्सची यंत्रणा आणि आपला चोर शोधणारा कॅमेरा एकच काम करतात. एक बदललेले बिंदू मोजतो, दुसरी ते पाठवते.

पण समोरून एखादी बस गेली तर? तिचे सगळेच बिंदू बदलतात, खरं तर बस तीच आहे, फक्त सरकली आहे. तेव्हा ‘हा तुकडा इतका उजवीकडे सरकवा’ एवढंच सांगितलं की भागलं. याच प्रयोगशाळेत अरुण नेत्रावळी आणि जॉन रॉबिन्स यांनी १९७९ साली या विचाराला शास्त्रशुद्ध रूप दिलं. नेत्रावळी मुंबईच्या आयआयटीचे १९६७ सालचे पदवीधर. पुढे ते बेल प्रयोगशाळेचे अध्यक्ष झाले.

दुसरी युक्ती एकाच चित्राच्या आतली आहे. बंगळूरचे नासिर अहमद कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत. (टॉम्बॉचंच राज्य. योगायोग, दुसरं काही नाही.) चित्राचा लहानसा चौकोन, आठ ओळी आणि आठ रांगांचा, घेतला तर त्यातले ६४ आकडे बहुतेक वेळा एकमेकांसारखेच असतात. ते कोज्या-लहरींच्या बेरजेच्या रूपात लिहिले, तर पहिल्या दोनचार लहरींतच बहुतेक चित्र येतं आणि बाकीचे आकडे शून्याजवळ जातात. ते पुसून टाकले तरी डोळ्याला फारसं कळत नाही. अहमद यांनी १९७२ साली यासाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता. त्यांनी काम सोडलं नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. शाळेच्या संगणकावरच्या जेपीईजी छायाचित्रांमागे हीच ‘फारच सोपी’ कल्पना असते.

फरक, सरकवणं आणि कोज्या-लहरी या तिन्ही युक्त्या एकत्र बांधून १९८८ साली एच.२६१ हे मानक तयार झालं, आणि त्याच कुळातलं एच.२६४ हे २००३ साली आलं. घरगुती कॅमेऱ्यांत अजूनही ते सर्रास दिसतं. त्यानं सेकंदाला १० लाख बिटमध्ये चित्रण भागवलं, तर दिवसाला १०.८ गीगाबाइट लागतात. म्हणजे २ टेराबाइटचा जवळपास १८५ वा हिस्सा. अर्थात, जे पुसलं ते गेलं. दूरच्या माणसाचा चेहरा अशा चित्रणात मोठा करून पाहायला गेलात तर चौकोन दिसतात, आणि त्यातून नाकडोळे परत येत नाहीत.

आता परत टाकीकडे.

कॅमेरा बसवणाऱ्यानं ‘हालचाल झाली तरच रेकॉर्ड’ असं लावून दिलं होतं. सुरुवातीला टाकीजवळच्या चिंचेच्या फांद्या हलून रात्रभर मुख्याध्यापकांच्या फोनवर इशारे येत. त्यांनी तक्रार केल्यावर त्यानं संख्येचा उंबरठा वाढवून चित्राच्या एक टक्क्यावर नेला. इशारे थांबले, सगळे खूश झाले. मुलांना मी हे आकडे दिले आणि गप्प बसले.

त्यांनी हिशेब केला. ३,०७,२०० चा एक टक्का म्हणजे ३,०७२ बिंदू. मग एका मुलाला टाकीजवळ उभं करून पडद्यावरचं त्याचं चित्र मोजलं : रुंदी १२ बिंदू, उंची ४०. गुणाकार ४८०. तो संपूर्ण मुलगा बदललेला धरला तरी उंबरठ्याच्या सहाव्या हिश्शाइतकासुद्धा भरत नव्हता. मागचं दार मात्र कॅमेऱ्याच्या अगदी खाली. तिथून येणारा माणूस १०० गुणिले २५०, म्हणजे २५,००० बिंदूंचा. शनिवारी संध्याकाळी तीन मुलं कुंपणाच्या बाजूनं टाकीपर्यंत गेली, तोट्यांशी पाच मिनिटं खटपट करून परत आली. रेकॉर्डिंगमध्ये काहीच नव्हतं. त्यातलाच एक जण मागच्या दारानं आत आला, आणि लगेच लाल दिवा लागला.

मुख्याध्यापकांनी हिशेबाचा कागद दोनदा वाचला. मग मामांना बोलावून घेतलं आणि मुलांनाच समजावून सांगायला लावलं. कॅमेरा आता रात्रभर सलग रेकॉर्ड करतो, महिन्याचे ३२४ गीगाबाइट डिस्कवर मावतात. इशाऱ्यासाठी चिंचेचा भाग झाकला आहे आणि टाकीच्या भागाला वेगळा, लहान उंबरठा आहे. तोट्या सापडल्या नाहीत. नव्या बसवल्या त्या प्लॅस्टिकच्या.