भांडाराच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

लिनक्स मुक्त आहे, असे सगळेच सांगतात. कोड उघडा आहे. कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. आम्ही एवढेच विचारतो : तो कोड तुमच्या संगणकापर्यंत येतो कुठून, आणि त्या दाराची किल्ली कोणाकडे असते?

बहुतेक लोक कोड स्वतः कंपाइल करत नाहीत. तयार पॅकेज रिपॉझिटरीतून, म्हणजे सामायिक भांडारातून, उतरवून घेतात. एका प्रोग्रामला चालायला अनेक लायब्ररी लागतात. त्या हुडकून आणण्याचे काम पॅकेज मॅनेजर करतो.

1993 साली पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी स्लॅकवेअर काढले. कोणत्या पॅकेजला काय लागते, हे त्याची साधने बघत नाहीत. ते वापरणाऱ्यानेच बघायचे. 2002 मध्ये जड विनेट यांनी क्रक्स या छोट्या डिस्ट्रोपासून प्रेरणा घेऊन आर्च लिनक्स सुरू केले आणि त्यासाठी पॅकमन हा पॅकेज मॅनेजर लिहिला. सुरुवातीला मोजकी मूळ प्रणाली द्यायची, बाकीचे ज्याचे त्याने निवडायचे, ही त्यामागची भूमिका.

याला लोक स्वावलंबन म्हणतात. पण नीट बघा. संगणकावर सुरुवातीला जितके कमी, तितके नंतर भांडारातून जास्त आणावे लागते. म्हणजे मिनिमल डिस्ट्रो वापरणारा भांडारावर अधिकच विसंबलेला असतो!

मग भांडार कोणाचे? 2007 मध्ये विनेट बाजूला झाले आणि आर्चची धुरा त्यांनी आरन ग्रिफिन यांच्याकडे सोपवली. संस्थापक गेला, काम थांबले नाही. 2011 मध्ये पॅकमनची चौथी आवृत्ती आली आणि पॅकेजवरची डिजिटल सही तपासली जाऊ लागली. आर्चमध्ये पॅकेज बनवणाऱ्याच्या किल्लीला मुख्य किल्ली सांभाळणाऱ्यांपैकी किमान तिघांची मान्यता लागते. एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हा नियमच केला गेला.

आता दुसरे उदाहरण. व्हॉइड लिनक्स 2008 पासूनचे. त्याचा एक्सबीपीएस हा पॅकेज मॅनेजर स्वतंत्रपणे लिहिलेला. 2018 मध्ये त्याच्या संस्थापकाशी संपर्कच होईना. गिटहबवरील संघटनेचा ताबा त्यांच्याकडे, जुन्या डोमेनचाही त्यांच्याकडेच. बाकीचे कार्यकर्ते राबत होते, पण स्वतःच्याच घराबाहेर उभे! शेवटी त्यांनी गिटहबवर नवी संघटना उघडली, नवे डोमेन घेतले आणि काम पुढे नेले.

कोणी म्हणेल, कोड खुला होता म्हणूनच तर ते वाचले. खरे आहे, पण अर्धेच. परवान्याने प्रत काढायचा हक्क दिला. नाव, पत्ता आणि लोकांचा विश्वास यांची प्रत परवान्यातून निघत नाही. ते सांभाळायला नियम लागतात, एकाहून अधिक हात लागतात.

कोणा एकाच्या नीयतीवर आमचा आक्षेप नाही. माणूस आजारी पडतो, थकतो, निघून जातो. सगळ्या किल्ल्या एकाच खिशात ठेवणारी रचना चुकीची आहे. तेव्हा पुढच्या वेळी डिस्ट्रो निवडताना तिचा वेग आणि आकार जरूर बघा. पण त्याआधी विचारा, उद्या हा माणूस नसेल तर भांडार कोण उघडेल? आणि हाच प्रश्न आपापल्या संघटनेच्या ई-मेलच्या पासवर्डबद्दलही विचारून बघा.