चमेलीच्या अत्तरापासून भातखाचरापर्यंत

पावसाळ्यात भोर तालुक्यातल्या नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघालात की दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. शांत वाटतात ना? पण त्या रोपांच्या आत सतत मेसेज फिरत असतात, आणि त्यातले बरेच चक्क चरबीपासून, म्हणजे लिपिडपासून बनतात. आज त्या शोधाचा इतिहास.

सुरुवात शेतात नाही, सुगंधात झाली. १९६२ मध्ये चमेलीच्या तेलातून मिथाइल जास्मोनेट हा पदार्थ वेगळा काढला गेला. तेव्हा त्याची ओळख एवढीच, की वास छान आहे.

मग १९९० साली अमेरिकेत एडवर्ड फार्मर आणि क्लॅरेन्स रायन यांनी टोमॅटोची रोपं सेजब्रश नावाच्या झुडपाबरोबर बंद जागेत ठेवली. सेजब्रश हेच मिथाइल जास्मोनेट हवेत सोडतं. टोमॅटोला कुणी चावलं नव्हतं, तरी त्याच्या पानांत अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार झाली!

हा मेसेज बनतो कसा? अळीने पान कुरतडलं की हरितलवकाच्या पडद्यातल्या लिपिडपासून लिनोलेनिक आम्ल सुटतं. त्याचंच पुढे जास्मोनिक आम्ल होतं. २००७ मध्ये 'जॅझ' प्रथिनं सापडली. ती संरक्षणाची जनुकं दाबून ठेवतात. मेसेज आला की पेशी जॅझ मोडून टाकते. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, सेटिंग डिफॉल्ट 'ऑफ'.

ऑफ का? कारण लढाई महाग पडते. संरक्षण चालू झालं की रोपाची वाढ मंदावते.

आता भाताकडे या. २००९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी भातात जास्मोनेट बनवायला लागणारं एक जनुक दाबलं. त्या रोपांवर खोडकिडा जास्त पोसला. ते अपेक्षितच होतं. पण तपकिरी तुडतुड्यांना मात्र तीच रोपं जास्त टक्कर देऊ लागली! खोडकिड्याची अळी कुरतडते, तुडतुडा रस शोषतो. एकाला अडवणारा मेसेज दुसऱ्याला वाट मोकळी करून देतो.

आपल्याकडच्या भातालाही खोडकिडा आणि तुडतुडे दोन्ही छळतात. म्हणून उद्या कुणी 'हे एकच औषध फवारा, भात स्वतःच लढेल' म्हणालं, तर गावाकडच्या काकांना एक प्रश्न नक्की विचारायला सांगा: लढेल, पण कुठल्या किडीशी?

भेटूया पुढच्या भागात!