लोणारचा निकाल लावणारे कण

१. नाशिकची पांडवलेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, तो बेसाल्ट सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर याच दख्खनच्या कातळात आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. एवढे मोठे विवर कशामुळे पडले, हा प्रश्न दीर्घकाळ सुटला नव्हता. अखेर तो सोडवला सूक्ष्मदर्शकाखालच्या खनिजकणांनी.

२. लोणार लोकांना पूर्वापार ठाऊक होते. लवणासुराच्या वधाची कथा तेथे आजही सांगितली जाते. ‘ऐन-ए-अकबरी’त तेथे मिळणाऱ्या, काच व साबण यांना उपयुक्त द्रव्यांची नोंद आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची दखल घेतली.

३. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी लोणारची तुलना ॲरिझोनातील विवराशी केली. दोन्ही विवरे ज्वालामुखीशी संबंधित असावीत, असे त्यांचे मत होते. भोवताली सर्वत्र लाव्हाचाच खडक असल्याने हे अनुमान स्वाभाविक होते. पुढे दोन्ही विवरे उल्काघाताची ठरली.

४. निकालाची किल्लीही भारतातच पडली होती. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे एक अशनी कोसळला. १८७२ मध्ये चेरमाक यांनी त्यात काचेसारखे एक द्रव्य ओळखले आणि ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांच्या नावावरून त्याला ‘मॅस्केलिनाइट’ म्हटले. ते कसे बनते, हे मात्र उलगडले १९६३ मध्ये. मिल्टन व डीकार्ली यांनी स्फोटकांच्या आघाताने ते प्रयोगात घडवून दाखवले. आघाताने प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या स्फटिकाची आतली रचना मोडते आणि त्याची काच होते. बाह्य आकार मात्र तसाच राहतो. त्यासाठी वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब लागतो. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही.

५. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, बालसुंदरम् आणि तेच मिल्टन यांचा लेख ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरोवराच्या तळाखाली छिद्रे घेऊन काढलेल्या खडकात त्यांना मॅस्केलिनाइट सापडले होते. लोणार हे बेसाल्टमधील आघातविवर असल्याचे सिद्ध झाले.

६. खनिजावरील आघाताच्या खुणा वाचण्याची हीच विद्या पुढे अवकाशातून आणलेल्या धुळीलाही लागू पडली. २०१० मध्ये जपानच्या ‘हायाबुसा’ यानाने इतोकावा या लघुग्रहावरील दीड हजारांहून अधिक कण पृथ्वीवर आणले. त्यांतील बहुतेक कण केसाच्या जाडीहून लहान होते. लघुग्रहाने सोसलेल्या टकरींचा माग संशोधकांनी त्यांच्या स्फटिकांतून काढला.

७. २०२० मध्ये लोणार रामसर स्थळ झाले. हा दर्जा पाणथळ जागेसाठी असतो. आघाताचा पुरावा मात्र सरोवराच्या तळाखाली आणि काठाभोवती विखुरलेल्या दगडांतही आहे. ताम्रपटाचा तुकडा हरवला तर त्यावरील मजकूर गेला. विवराच्या काठावरून उचलून नेलेल्या दगडाचेही तेच होते.