टांकसाळीचें खोटें नाणें

खोटें नाणें म्हटलें म्हणजे रात्रीच्या अंधारांत लपूनछपून सांचे ओतणारा कोणी ठक आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. सरकारी टांकसाळींतलें तेवढें खरें आणि बाहेरचें सर्व खोटें, अशी आपली सरळ समजूत असते. परंतु दक्षिण अमेरिकेंतील पोतोसी येथील स्पॅनिश टांकसाळीची हकीकत वाचली म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. नाणें अस्सल आहे काय आणि नाणें चोख आहे काय, हे दोन प्रश्न एक नव्हेत, एवढेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

स्पेनच्या राजसत्तेनें अमेरिकेंतील आपली पहिली टांकसाळ १५३५ सालच्या आज्ञापत्रानें मेक्सिको शहरीं स्थापिली. तेथील नाण्यांवर राजचिन्हें व टांकसाळीचें चिन्ह यांबरोबर एक लहानसें अक्षरही उमटविलेलें असे. तें टांकसाळीच्या पारख्याच्या नांवाचें. पहिला पारखी फ्रान्सिस्को देल रिंकोन याचें ‘आर’ हें अक्षर त्या नाण्यांवर आजही वाचतां येतें. यांतील हेतु उघड आहे. चांदी हिणकस निघाली तर कोणास जबाबदार धरावयाचें, हें नाण्यानेंच सांगावें!

पोतोसीच्या डोंगरांत १५४५ सालीं रुप्याची खाण सांपडली आणि १५७४ सालीं तेथें टांकसाळ सुरू झाली. कायद्याप्रमाणें नाण्याच्या हजार भागांत सुमारें ९३० भाग शुद्ध चांदी असावी आणि आठ रिआलांचें मोठें नाणें सुमारें २७.५ ग्रॅम भरावें, असा दंडक होता. घडविण्याची रीत मात्र ओबडधोबड होती. रुप्याच्या कांबीचे तुकडे पाडावे, कडा कातरून वजन जुळवावें आणि तुकडा दोन ठशांमध्यें धरून वर हातोडा मारावा. त्यामुळें नाणें क्वचितच वाटोळें निघे. कोठें सन कडेबाहेर जाई, तर कोठें राजाचें नांव अर्धेंच उमटे. रूपावरून परीक्षा करण्याची सोय नव्हती. सारा भरंवसा त्या छापावर आणि त्या अक्षरावर.

हाच भरंवसा सतराव्या शतकाच्या मध्यास ढांसळला. पोतोसीचीं नाणीं हिणकस निघतात अशी ओरड युरोपच्या बाजारपेठांतून उठली, तेव्हां चौथ्या फिलिप राजानें फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारीन या धर्माधिकाऱ्यास चौकशीसाठीं धाडिलें. चौकशींत निघालें तें भयंकर होतें. रुप्याचा बडा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा आणि खुद्द टांकसाळीचा पारखी फेलिपे रामीरेस दे आरेयानो हेच या लबाडींत गुंतलेले होते. चांदींत तांबें अधिक पडे, आणि त्यावर छाप बसे तो राजाचा, अक्षर उमटे तें पारख्याचें! १६५० सालीं दोघांसही देहान्त शासन झालें. परंतु त्यानें नाणीं सुधारलीं नाहींत. त्यांची किंमत हुकुमानें उतरविण्यांत आली व कित्येकांवर लहानशा मुकुटाचा दुसरा छाप ठोकण्यांत आला. ज्यानें तें नाणें घामाच्या मोबदल्यांत घेतलें होतें, त्याची शिल्लक कांहींएक अपराध नसतां घटली.

१६५२ सालीं नाण्याचें रूपच पालटलें. समुद्राच्या लाटांवर उभे असलेले हर्क्युलिसचे दोन स्तंभ त्यावर आले. सन आणि पारख्याचें अक्षर हीं दोन्ही बाजूंस पुनःपुन्हां घातलीं गेलीं. एकदां दगा दिलेल्या साक्षीदाराकडून तीच साक्ष तीनदां वदवून घ्यावी, तसाच हा प्रकार. अक्षरास वजन येतें तें त्यामागें कडक तपासणी उभी असेल तरच.

आज हीं नाणीं संग्राहक मोठ्या हौसेनें घेतात, आणि अर्थात् त्यांच्या नकलाही होतात. हातोड्यानें घडविलेलीं दोन नाणीं तंतोतंत सारखीं असूं शकत नाहींत. म्हणून दोहोंची कातरी व प्रत्येक खोंच जुळली, कीं तीं ओतीव समजावीं. पृष्ठभागावरील बारीक छिद्रें आणि कडेची सांध याही ओतकामाच्याच खुणा. मात्र केवळ कस पाहून येथें निकाल देतां येत नाहीं. रोचाचें नाणें हिणकस असूनही अस्सल आहे. उलट आजच्या नकल्यानें चोख चांदी वापरली तरी त्याचें नाणें बनावटच. १६५४ सालीं आजच्या एक्वादोरच्या किनाऱ्यावर, चांदुय येथें, फुटलेल्या स्पॅनिश जहाजांतून १९९७ सालीं मुकुटाचा छाप असलेलीं नाणीं वर आलीं, तीं या लबाडीचीं अस्सल साक्षीदार होत.

स्पॅनिश रिआल सतराव्या शतकांत इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सुरतेसही येत. तेथें परक्या राजाच्या छापास किंमत नव्हती. वजन व कस पाहून ते टांकसाळींत वितळविले जात आणि त्यांतून मोगल रुपये पडत. सुरतेच्या सराफाचें काम त्या मानानें सोपें होतें, कारण त्यास एकच प्रश्न विचारावयाचा होता. इतिहासाच्या अभ्यासकास दोन्ही विचारावे लागतात. जुन्या दप्तरांतील कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील मजकूरही खरा, असें मानून आपण पुष्कळदां थांबतों. शिक्का खरा आहे, इतकेंच तेथें सिद्ध झालेलें असतें; आंतील चांदी पाहावयाची अद्याप राहिलेलीच असते.